विश्लेषण : ई-कारच्या जुन्या बॅटरीचे पुढे काय? कायदा आहे, तंत्र आहे, मग अडले कुठे?

टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. म्हणजे २०२८ पासून सुरुवातीच्या गाड्या वॉरंटीबाहेर पडू लागतील. वॉरंटी संपली की बॅटरी संपते असे नाही. तरीही जुन्या बॅटऱ्यांचे करायचे काय, हा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे.

गाडीतून काढलेली बॅटरी निकामी असते का?

नाही. मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी गाडीसाठी कमकुवत मानली जाते, कारण एका चार्जिंगमध्ये गाडी कमी अंतर धावते. पण एका जागी ठेवून वीज साठवायची असेल तर ती अजून कामाची असते. साधा हिशेब पाहा. ३० युनिट क्षमतेची बॅटरी ७५ टक्क्यांवर आली तरी तिच्यात २२ युनिटहून जास्त वीज मावते. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराची ही चार दिवसांची गरज झाली.

हे प्रत्यक्षात कुठे झाले आहे?

अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेना स्टेडियममध्ये २०१८ पासून ३ मेगावॉटची साठवण यंत्रणा आहे. तिच्यात निसान लीफ मोटारीच्या १४८ बॅटरी पॅकइतकी क्षमता असून, त्यासाठी नव्या बॅटऱ्यांबरोबर जुन्याही वापरल्या आहेत. नुनाम या स्टार्टअपने २०२२ मध्ये ऑडी ई-ट्रॉनच्या जुन्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या ई-रिक्षा भारतासाठी तयार केल्या.

मग अडचण कोणती?

बॅटरीचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. दोन गाड्या सारख्याच धावल्या, पण एक नाशिकमध्ये रोज रात्री घरी सावकाश चार्ज झाली आणि दुसरी नागपूरच्या उन्हाळ्यात टॅक्सी म्हणून फास्ट चार्जरवर राहिली. दोन्ही बॅटऱ्यांची तब्येत सारखी नसणार. ही नोंद बॅटरीतल्या नियंत्रण यंत्रणेत, म्हणजे ‘बीएमएस’मध्ये असते. पण तिची किल्ली सहसा गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे असते. त्यामुळे जुनी बॅटरी घेणाऱ्याला प्रत्येक पॅक उघडून, चार्ज-डिस्चार्ज करून तपासावा लागतो. त्यात वेळ आणि पैसा जातो. इकडे नव्या सेलच्या किमती उतरत असल्याने जुन्याचा स्वस्तपणा तपासणीच्या खर्चातच संपतो.

रीसायकलिंग कसे होते?

आधी बॅटरीतील उरलेली वीज काढून घेतात, मग पॅक सुटा करून सेलचा चुरा करतात. तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळे काढल्यावर काळी भुकटी उरते. तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात. रासायनिक प्रक्रियेने तिच्यातून लिथियम, निकेल, कोबाल्ट मिळते. मात्र भारतातील अनेक ई-कारमध्ये ‘एलएफपी’ प्रकारची बॅटरी असते. तिच्यात निकेल-कोबाल्ट नसते, लोह आणि फॉस्फेट असते. ती तुलनेने सुरक्षित आणि स्वस्त असते, पण रीसायकल करणाऱ्याच्या हाती कमी कमाई येते. म्हणून हे काम नुसत्या बाजारभावावर सोडून चालणार नाही.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यानुसार बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकावरच ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. ती जमिनीत पुरण्यास किंवा जाळण्यास मनाई आहे. ईव्ही बॅटरीतून २०२६-२७ पासून किमान ९० टक्के साहित्य परत मिळवायचे आहे. नव्या बॅटरीत २०२७-२८ मध्ये ५ टक्के आणि २०३०-३१ पर्यंत २० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले साहित्य वापरायचे आहे. दुर्मीळ व महत्त्वाच्या खनिजांच्या रीसायकलिंगसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची योजनाही मंजूर केली.

आता काय व्हायला हवे?

कागदावरचे टक्के गाठायचे तर बॅटरी अधिकृत केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजे. भंगारवाला रोख पैसे देतो आणि दारातून माल उचलतो. अधिकृत केंद्र तेवढेच सोयीचे नसेल, तर बॅटरी भंगारातच जाणार. शिशाच्या बॅटरीबाबत आपण हे पाहिले आहे. उघड्यावर शिसे वितळवण्याची किंमत तिथले कामगार आणि आसपासची मुले आपल्या तब्येतीने मोजतात. ई-कारचा पॅक शेकडो व्होल्टचा असतो. हातोडी-छिन्नीने तो फोडणाऱ्याला जिवावरचा झटका बसू शकतो. सेल पेटल्यास विषारी वायू निघतो.

म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात. पहिली, बॅटरीची जन्मकुंडली खुली करणे. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ईव्ही बॅटरीला डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होत आहे. आपल्याकडेही बॅटरीची उरलेली क्षमता मालकाला आणि अधिकृत रीसायकलरला वाचता आली पाहिजे. दुसरी, परत केलेल्या बॅटरीचा ठरलेला मोबदला मालकाच्या हातात पडला पाहिजे, तोही एलएफपीसकट. महाराष्ट्राने ई-वाहनांना अटल सेतूवर टोलमाफी दिली. गाडी घेताना सवलत देणाऱ्या राज्याने ती मोडीत निघताना काय करायचे, याची सोयही जिल्ह्या-जिल्ह्यांत करावी.

तुम्ही काय करू शकता?

सेकंड हँड ई-कार घेताना किलोमीटर पाहून थांबू नका, बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागा. बॅटरी बदलली तर जुनी कुठे गेली, हे सर्व्हिस सेंटरला विचारा आणि पावती घ्या. ग्राहक हे मागू लागले तर माहिती दडवून ठेवणे कंपन्यांनाही परवडणार नाही.