गांजाचा कायदा आणि घरातील बाटली



विदर्भाची काशी म्हणविणाऱ्या आपल्या पवनीत महाशिवरात्रीला भांगेचा विषय निघतोच. यंदा तो माझ्या दवाखान्यातही आला. सत्तरीचे एक गृहस्थ हाताचे मनगट मोडून आले. ‘पाय घसरला’ एवढेच सांगत होते. तिसऱ्या भेटीत सूनबाईंनी पिशवीतून एक लहान बाटली काढली. गुडघेदुखीवर कुणी तरी दिलेले ते गांजाचे तेल होते. रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते रात्री त्याचे थेंब घेत. लघवीला उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडले. पोलिसांच्या भीतीने त्यांनी ते माझ्यापासून लपविले होते.

गांजा कायदेशीर करावा काय, हा वाद जुना आहे. 1893-94 साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने मर्यादित सेवनाने सहसा मोठा अपाय होत नाही, म्हणून संपूर्ण बंदी नको, असे मत दिले होते. पुढे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली. नुसती पाने व बिया मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर राहिल्या. आज एक किलोपर्यंतचा गांजा बाळगल्यासही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उलट कॅनडाने 2018 मध्ये, तर जर्मनीने 2024 मध्ये प्रौढांना परवानगी दिली.

बंदीमुळे माणसे लपवाछपवी करतात, हा समर्थकांचा मुद्दा मला या रुग्णाने पटवून दिला. पण कायद्याने परवानगी दिली म्हणजे वृद्ध शरीरानेही दिली, असे होत नाही. आयोगाच्या काळातील म्हातारे रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत नव्हते. गांजाने उभे राहताना रक्तदाब उतरतो, छातीत धडधड वाढते, गोंधळल्यासारखे होते. वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. या वनस्पतीतील एका घटकाचे शुद्ध औषध अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांत उपयोगी ठरले आहे, हे खरे. पण मोजून दिलेले औषध वेगळे आणि कुणी तरी दिलेली बाटली वेगळी. आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून ओळखली जाणारी ही भांग औषधविषयक नियमांतही विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

म्हणून घरच्यांना विनंती : वडीलधारे अचानक सुस्त, गोंधळलेले दिसले, वारंवार तोल जाऊ लागला, तर रागावू नका, शांतपणे विचारा. दवाखान्यात येताना गोळ्यांसोबत तेल, चूर्ण, भांगेची गोळी, जे काही असेल ते आणा. आणि ज्येष्ठांनो, रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर क्षणभर बसा.

कायद्याचा निर्णय संसद करील. डॉक्टरांपासून काही लपवायचे नाही, हा निर्णय मात्र आपण आजच करू शकता. मी डॉक्टर आहे. बाटली पाहून मी पोलिसांना नव्हे, आपल्या नाडीला हात घालतो.