प्रशिक्षणवृत्तीने शिक्षक घडतात काय?

इंग्लंडातील माध्यमिक शाळांत फ्रेंच शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधरास तेथील शासनाने २०२५-२६ या वर्षासाठी २६ हजार पौंडांची करमुक्त प्रशिक्षणवृत्ती देऊ केली. त्याच वर्षी लंडनबाहेरील शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन सुमारे ३२ हजार ९०० पौंड होते. प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा जाता त्याच्या हाती उरणारी रक्कम या वृत्तीहून अधिक भरत नाही. प्रशिक्षणार्थीस नऊ हजार पौंडांहून अधिक शुल्क भरावे लागते हे खरे. पण त्यासाठी कर्जाची सोय आहे. शिकविण्याच्या मोबदल्याशी शिकण्याच्या मोबदल्याने अशी बरोबरी करावी, ही सुस्थितीची खूण खचितच नव्हे.

हे प्रशिक्षण सोपे नाही. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम सामान्यतः एका वर्षाचा असतो. त्यांतील किमान १२० दिवस प्रशिक्षणार्थीने शाळेत, बहुधा दोन वेगवेगळ्या शाळांत, प्रत्यक्ष अध्यापनात घालवावयाचे असतात. या दिवसांचे वेतन मिळत नाही. अनेक शाळांना एकाहून अधिक भाषा शिकवू शकणारा शिक्षक हवा असतो. त्यामुळे फ्रेंचच्या पदवीधरावर स्पॅनिश किंवा जर्मन नव्याने पक्की करण्याचा भारही पडतो. शिक्षक म्हणून अर्हता मिळाल्यावर २०२१ पासून आणखी दोन वर्षांचा उमेदवारीचा काळ पुरा करावा लागतो.

एवढे करूनही जागा भरत नाहीत. २०२३-२४ मध्ये आधुनिक परकीय भाषांच्या प्रशिक्षणासाठी शासनाने जे उद्दिष्ट ठरविले होते, त्याच्या सुमारे एकतृतीयांश इतकेच उमेदवार मिळाले. त्या वर्षी वृत्ती २५ हजार पौंडांची होती. म्हणजे पैशाची कमतरता हे या टंचाईचे एकमेव कारण नव्हे, हे उघड आहे.

मूळ कारण दोन दशके मागे सापडते. २००४ मध्ये इंग्लंडने चौदा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी परकीय भाषेची सक्ती उठविली. त्या वर्षी जीसीएसई परीक्षेस फ्रेंच घेऊन बसलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. अलीकडे ती १ लाख ३० हजारांच्या आसपास घुटमळते आहे. चौदाव्या वर्षी ज्याने फ्रेंच सोडली, तो अठराव्या वर्षी तिची पदवी घेण्यास जाणार नाही, आणि तेविसाव्या वर्षी तिचा शिक्षकही होणार नाही. विद्यार्थी घटले म्हणून विद्यापीठांनी भाषाविभाग आक्रसले, कित्येकांनी बंद केले; विभाग बंद झाले म्हणून पदवीधर घटले; पदवीधर घटले म्हणून शिक्षक मिळेनात; आणि शिक्षक नाहीत म्हणून शाळा भाषेचे वर्ग कमी करू लागल्या. २०१० नंतर शाळांच्या मूल्यमापनात परकीय भाषेला स्थान देण्यात आले. त्यामुळे घसरण काहीशी सावरली, पण गेलेले परत आले नाही.

अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. यंदा भाव चढला म्हणून शेतकरी कांदा लावतो आणि माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळलेला असतो. शिक्षकाच्या बाबतीत पेरणी आणि काढणी यांत चार महिन्यांचे नव्हे, नऊ वर्षांचे अंतर आहे. तरीही शासनाचे धोरण मात्र हंगामागणिक बदलत राहिले. २०२०-२१ मध्ये भाषांसाठीची वृत्ती २६ हजार पौंड होती; महासाथीत इतर नोकऱ्या आटल्याने उमेदवार आपणहून येतील, अशा हिशेबाने पुढच्याच वर्षी ती दहा हजारांवर आणली. मग ती पंधरा हजार झाली आणि त्यानंतर पंचवीस हजार. वृत्ती वाढली की काही उमेदवार वळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते आधीच तयार असलेल्या पदवीधरांतून येतात. वृत्तीने नवे पदवीधर निर्माण होत नाहीत.

पूर्वी ही तूट युरोपातून भरून निघे. फ्रान्स व स्पेनमधील तरुण पदवीधर इंग्लंडात येऊन शाळांत रुजू होत. २०२० च्या अखेरीस मुक्त संचाराचा हक्क संपुष्टात आला आणि तो मार्ग अरुंद झाला. मग २०२३ च्या आरंभी भारतासह काही देशांतील अर्हताप्राप्त भाषा, गणित व विज्ञान शिक्षकांना तेथील अर्हतेसाठी अर्ज करण्याची वाट खुली करण्यात आली. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकून शिक्षक झालेल्याला तिचा लाभ घ्यावासा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र एका देशाने आपली रिकामी वर्गखोली दुसऱ्याच्या शिक्षकाने भरणे म्हणजे टंचाईचे निवारण नव्हे, तिचे स्थलांतर आहे.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे. खासगी शाळांत भाषा टिकून आहेत, कारण त्या शिक्षकाला अधिक वेतन देऊ शकतात. सुखवस्तू वस्तीतील सरकारी शाळाही निभावून नेतात. गरीब वस्तीतील शाळेत मात्र फ्रेंचचा तास दुसऱ्याच विषयाचा शिक्षक घेतो, किंवा तो तासच वेळापत्रकातून नाहीसा होतो. जे ज्ञान पूर्वी सर्वांना सक्तीने मिळत होते, ते ऐच्छिक होताच ऐपतीचे झाले. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून जे दिले गेले, ते प्रत्यक्षात ज्याच्यापाशी निवडण्याजोगे काही होते त्यालाच मिळाले.

कोणताही विषय अभ्यासक्रमात ऐच्छिक करताना शासनकर्ते त्या वर्षीच्या वेळापत्रकाचा विचार करतात. पुढच्या पिढीच्या शिक्षकाचा विचार कोणी करीत नाही. विषय रद्द करण्यास एक परिपत्रक पुरते. तो पुन्हा उभा करावयाचा तर आधी विद्यार्थी, मग पदवीधर आणि मग शिक्षक अशी सारी साखळी कडी-कडीने जोडावी लागते. ती जोडण्यास लागणारी नऊ वर्षे कोणत्याही मंत्र्याच्या कारकिर्दीत सहसा मावत नाहीत. इंग्लंडातील फ्रेंचच्या रिकाम्या वर्गाने शिकविलेला हा धडा त्या एकाच देशापुरता किंवा एकाच भाषेपुरता मानण्याचे कारण नाही.