गोळी आहे, डाळ कुठाय?



टीबी कशानं होतो, असं शाळेत विचारलं तर उत्तर एका शब्दाचं: जंतूनं. उत्तर बरोबर आहे. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जंतू जगासमोर मांडला. पण हा जंतू हवेतून येतो. मलबार हिलवरही जातो, गोवंडीतही येतो. तो कुणाला जात विचारत नाही, खोली विचारत नाही. मग बस्तान मांडतो ते आमच्याच छातीत का? जगातल्या दर चार टीबी रुग्णांत एक भारतातला का?

याचं उत्तर भाषणात नाही, पुराव्यात आहे. आणि हा पुरावा फुकट जमलेला नाही. तो गोरगरिबांच्या छातीच्या फोटोतून, बेडक्याच्या डबीतून गोळा झालाय. संशोधन म्हंजे साहेबलोकांचं काम, म्हणून तोंड फिरवू नका. शरीर आपलं वापरलंय, तर निकालावर हक्कही आपला आहे.

पहिला निकाल मद्रासचा. त्या काळी टीबीवर इलाज म्हंजे सॅनेटोरियम. मोकळी हवा, गादी, दूध, अंडी, वर्षभर आराम. गरिबाला खाट मिळायची नाही, तो चाळीत खोकून मरायचा. १९५६ साली मद्रासला टीबीचं संशोधन केंद्र उघडलं आणि गरीब वस्त्यांतल्या १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. काही सॅनेटोरियमात, काही आपापल्या घरी. गोळ्या दोघांना त्याच, एक वर्ष. घरी राहिलेल्यांच्या ताटात कमी, खोलीत गर्दी, अंगावर कामाचा ताण. तरी १९५९ साली निकाल छापून आला तेव्हा घरचे रुग्ण सॅनेटोरियमवाल्यांच्या जवळपास तितकेच बरे झाले होते. पाच वर्षं घरच्या माणसांवर नजर ठेवली. रुग्ण घरी राहिला म्हणून त्यांना टीबी जास्त झाला, असंही दिसलं नाही.

केवढा मोठा निकाल! अडाणी माणूस गोळ्या नेमानं घेणार नाही, झोपडीत कुणी बरं होणार नाही, हा सफेदपोश समज त्या निकालानं मोडीत काढला. जगभर घरी राहून औषध घ्यायची वाट मद्रासच्या गरिबांनी मोकळी केली.

पण व्यवस्थेचा कान मोठा हुशार. सोयीचं तेवढंच ऐकतो. मद्रासनं सांगितलं, औषध नीट मिळालं तर पोटाला कमी असूनही माणूस बरा होतो. व्यवस्थेनं ऐकलं, पोटाला द्यायची गरजच नाही. उपाशी माणसाला टीबी आधी का गाठतो, हा प्रश्न मद्रासला विचारलाच नव्हता. तो अनेक वर्षं मागंच राहिला.

तो विचारला झारखंडात. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं घेतली. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येनं. उपचाराच्या सुरुवातीला पुरुषांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बायांचं ३६. गोदीत आम्ही पाठीवर घेतो ते पोतं पन्नास किलोचं असतं. म्हंजे पोतं जड, माणूस हलका.

सगळ्या रुग्णांना औषधासोबत दरमहा १० किलोचा शिधा दिला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्के कमी दिसला. घरच्यांचे मात्र दोन गट. एका गटाला माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटाच्या घरच्यांना यातलं काही नाही. २०२३ साली निकाल आला. धान्य मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्के कमी. फुप्फुसाचा, दुसऱ्याला लागणारा टीबी तर जवळजवळ निम्म्यावर.

दीड किलो डाळ, दोस्तांनो! हजार वर्षं ज्यांना उरलंसुरलं वाढलं, त्यांच्या छातीचा हा ताळेबंद आहे.

आता कुणी विचारील, ज्या घरांना धान्य मिळालं नाही त्यांचं काय? विचारलाच पाहिजे हा प्रश्न. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय खरं कळत नाही, हे मान्य. पण कळलं त्या दिवशी हिशेब बदलला. निकालाआधी धान्य न देणं हा प्रयोगाचा भाग होता. निकालानंतर धान्य न देणं हा गुन्हा आहे.

आणि सरकार काय करतंय? रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. घरच्यांसाठीही टोपली आहे म्हणे, पण ती 'निक्षय मित्र' नावाच्या दात्यानं दिली तर. म्हंजे कुणाला दया आली तर डाळ, नाही आली तर खोकला. जी गोष्ट प्रयोगानं इलाज म्हणून सिद्ध केली, ती पुन्हा भिक्षेच्या झोळीत टाकली. गोळी कुणी दान म्हणून देत नाही. मग डाळच दान का?

तिसरा निकाल आपल्या दाराशीच आहे. गोवंडी-मानखुर्दकडं झोपड्या पाडून माणसं ज्या इमारतींत कोंबली, तिथं २०१८ साली डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पाहणी केली. इमारतीला इमारत खेटलेली, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, तिथं टीबीची घरं कितीतरी जास्त. जिथं इमारती सुट्या, तिथं फार थोडी. पत्रा गेला, स्लॅब आला, वारा मात्र नकाशात काढायचाच राहिला.

औषध, अन्न, हवा. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्यात. त्यांतली पहिली तेवढी आपल्यापर्यंत पोचते, तीही कधी तुटवड्यात अडकत. आमच्या धक्क्यावर माणूस खोकायला लागला की मुकादम म्हणतो, बरा होऊन ये. बरं व्हायचं कशावर, ते सांगत नाही.

रुग्णानं नुसतं रांगेत उभं राहायचं, हे कुणी ठरवलं? टीबीच्या औषधापायी ऐकणं गमावलेली मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले यांनी बेडाक्विलिनवरची कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. दोन रुग्ण बाया एका बलाढ्य कंपनीला पुरून उरल्या.

तेव्हा कामाला लागा. दोन आठवडे खोकणाऱ्याला बेडका तपासायला हाताला धरून न्या. लाजू नका, लाजवू नका. ज्या घरात टीबी आहे तिथं वजनकाटा न्या. पोराबाळांसकट सगळ्यांची वजनं वहीत मांडा. कुणाला धान्य मिळालं, कुणाला नाही, तेही लिहा. ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जा आणि टेबलावर ठेवा. दया मागू नका. झारखंडचा आकडा सांगा आणि विचारा: गोळी आहे, डाळ कुठाय?