जिथले तिथे

घरातला मिक्सर किंवा पंखा बिघडला, की गृहस्थांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पेचकस शोधू लागतो आणि दुसरा वर्ग दुकानदाराचा नंबर. या सदराचे वाचक मला दुसऱ्या वर्गातला म्हणून ओळखतात आणि ते योग्यच आहे. आमच्या घरी दिव्याची कळ बदलायची झाली तरी सौ. मला आधी बाहेर फिरून यायला सांगते. तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यात मी, माझी कन्या आणि एक वृद्ध मिस्त्री अशा तिघांनी मिळून मोटारीचे अख्खे इंजिन घराच्या आवारात उतरवले, त्याचा तुकडा न् तुकडा सुटा केला आणि तो पुन्हा जोडला, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. ते इंजिन आज चालते आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो मनुष्य प्रथम तेच विचारतो. त्याचा दुसरा प्रश्न असतो, "मग नट किती उरले?" त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

गाडी म्हणजे वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली 1985 सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळची ती इटलीची फियाट 1100. तिचे इंजिन 1089 सीसीचे. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली धाव 75 मिलिमीटर. हे माप फियाटने 1937 साली आपल्या 1100 गाडीसाठी वापरले होते. म्हणजे ज्या मापाच्या इंजिनाने युरोपात लढाईपूर्वीचे रस्ते पाहिले, त्याच मापाचे इंजिन आमच्याकडे राजीव गांधी पंतप्रधान असताना आले! ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर निरोपाचे लेख लिहिले. आमची मात्र शेडमध्ये उभी होती. तिला कुणी निरोप दिला नव्हता.

पण वेळ आली होती. खाजगी गाडीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. यंदा ती पाळी होती आणि गाडी तर निळा धूर सोडू लागली होती. असा धूर सोडणारी गाडी तपासणीला न्यायची, म्हणजे नापास होणाऱ्या मुलाला परीक्षेच्या मांडवाखालून मुद्दाम मिरवत नेण्यासारखे. भंगारवाला येऊन दोन वेळा शेडभोवती फिरून गेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात बरा टीव्हीसुद्धा येणार नाही. पण जागा तरी मोकळी होईल." मी गप्प बसलो. वडिलांच्या मागे त्यांचे म्हणून जे काही घरात राहिले होते, त्यात आवाज करणारी वस्तू एवढी एकच होती.

या गाडीचे सारे आयुष्य एका मिस्त्रींच्या हातून गेलेले. मधली काही वर्षे ते गावी जाऊन राहिले होते, तेवढी सोडून. आता वय झाले, हाताला कंप सुटला. पाना धरला की तो नटावर बसण्याऐवजी नटाभोवती थरथरत राहतो. दुकान त्यांनी बंद केले. मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला. मी सल्ला विचारायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मी खुर्ची टाकून बसतो. हात तुमचे." मी माझ्या हातांकडे पाहिले. मिस्त्रींनीही पाहिले आणि लगेच दुरुस्ती केली, "म्हणजे, ताईंचे."

आमची कन्या घरी बसून कुठल्याशा कंपनीसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिने यापूर्वी इंजिनाला हात लावला नव्हता. पण ती पहिल्या वर्गातली आहे.

आधी दुखणे ओळखायचे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजला. पहिला, दुसरा आणि चौथा 110 पौंडांच्या वर गेले. तिसरा 75 वर अडला. मग मिस्त्रींनी तिसऱ्याच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायला सांगितले आणि पुन्हा मोजायला लावले. काटा 105 वर गेला. "दाब वाढला, म्हणजे चोरी पिस्टनच्या बाजूने आहे," ते म्हणाले. "ऑइलने फट बुजली. वाढला नसता, तर चोर व्हॉल्व्हमध्ये शोधला असता." आमच्या घरात डॉक्टर पुष्कळ येऊन गेले, पण चमचाभर औषधात इतके स्वच्छ निदान मी पाहिले नव्हते.

चेनपुलीची घोडी भाड्याने आणून इंजिन उचलले आणि एका जुन्या टेबलावर ठेवले. पाना हातात घेण्यापूर्वी मिस्त्रींनी कन्येला वही आणायला सांगितली. "इंजिन खोलायला कुणीही खोलतो," ते म्हणाले. "लावतो तो मिस्त्री. आणि लावायची सुरुवात खोलतानाच होते. जिथले तिथे."

हे "जिथले तिथे" पुढे दोन महिने आमच्या घरात मंत्रासारखे घुमत होते. प्रत्येक जोडणी सोडवण्यापूर्वी कन्या मोबाइलवर तिचा फोटो काढी आणि वहीत नोंद करी. सुटे भाग ठेवायला डबे हवेत, म्हणून स्वयंपाकघरातून दिवाळीच्या फराळाचे आठ डबे बाहेर आले. चकल्यांच्या डब्यात हेडचे बोल्ट, शंकरपाळ्यांच्या डब्यात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, बेसनाच्या लाडवांच्या डब्यात बेअरिंगा. आठ पुशरॉडांसाठी एका पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांवर आकडे घातले आणि प्रत्येक कांडी आपापल्या भोकात उभी केली.

मला प्रथम हा अतिरेक वाटला. आठही कांड्या दिसायला सारख्या. तिसरी पाचव्याच्या जागी गेली तर काय बिघडले? मिस्त्रींनी दोन कांड्यांची टोके माझ्या बोटाखाली दिली. दोन्ही झिजलेली, पण वेगवेगळी. चाळीस वर्षे जी कांडी ज्या जोडीदाराशी घासली, तिला त्याचाच आकार आलेला असतो. नवा जोडीदार दिला, तर दोघेही नव्याने झिजू लागतात. हे ऐकताना आत सौ.च्या बांगड्या वाजल्या. ती काही बोलली नाही.

क्रँकपर्यंत पोचलो, तेव्हा खरी गोष्ट उघडकीला आली. पिस्टनची कनेक्टिंग रॉड खालच्या टोकाला क्रँकला कवटाळून असते. ते टोक दोन अर्ध्या भागांचे, दोन बोल्टांनी आवळलेले. रॉड आणि तिची टोपी एकत्र बोअर केलेली असतात, म्हणून दोहोंवर एकच आकडा ठोकलेला असतो आणि दोन्ही आकडे एकाच बाजूला यायला हवेत. तिसऱ्या रॉडचा फोटो काढताना कन्या थांबली. "मिस्त्रीकाका, रॉडवरचा तीन या बाजूला आहे आणि टोपीवरचा पलीकडे."

मिस्त्री खुर्चीवरून उठले. टोपी काढून, बेअरिंग बाजूला करून, ती जशी होती तशीच पुन्हा रॉडवर आवळायला लावली. मग आपला थरथरता हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला आणि अंगठ्याचे नख आतून सांध्यावरून फिरवले. एकदा, दोनदा. "इथे नख अडकते," ते म्हणाले. "कुणीतरी टोपी उलटी बसवली आहे." ते गावी होते त्या वर्षांत एका वर्कशॉपमध्ये इंजिन खोलले गेले होते. तेव्हापासून गाडी लांबच्या प्रवासात खालून बारीक खट् खट् करी आणि आम्ही तो म्हातारपणाचा आवाज समजत आलो होतो. क्रँकची तिसरी पिन एका अंगाने खाल्ली गेली होती.

हा प्रश्न लहान नव्हता. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेते, तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबून उलटा फिरतो. तो सारा झटका या दोन बोल्टांवर येतो. अशी रॉड चालत्या गाडीत तुटली, तर ब्लॉक फोडून बाहेर येते. "या रॉडवर मी विश्वास ठेवणार नाही," मिस्त्री म्हणाले. नवी कुठून आणायची? मी जुन्या बाजारात दोन रविवार घालवले आणि गंजलेले दोन नमुने घेऊन आलो. मिस्त्रींनी ते नुसते हातात घेऊन खाली ठेवले. तिसऱ्या रविवारी ते स्वतःच एक पुडके घेऊन रिक्षातून उतरले. बंद दुकानाच्या माळ्यावर, ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेली ती रॉड होती. "ठेवली होती," एवढेच म्हणाले. कुणासाठी, ते मी विचारले नाही. दुकान चालवायला पुढे कुणी येईल, असे मनुष्याला बरीच वर्षे वाटत असते.

कन्येने चारही रॉडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. नवी 11 ग्रॅम जड भरली. लेथवाल्याकडे तिच्या टोकाचा जास्तीचा धातू काढवून ती इतरांच्या वजनाला आणली. घरी होत नाहीत अशी आणखी दोन कामे बाहेर दिली: सिलिंडर एक साइझ वर बोअर करणे आणि क्रँक घासून एक साइझ खाली आणणे. ब्लॉक परत आला त्याच दिवशी पाऊस सुरू झाला. ताज्या बोअरला दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो, म्हणून आतून ऑइल चोपडून वर प्लॅस्टिक बांधले. जून महिनाभर आमच्या शेडमध्ये असे एक सोवळ्यातले गाठोडे होते.

व्हॉल्व्ह बसवण्याचे काम मात्र घरीच झाले. व्हॉल्व्हच्या कडेला घासायची पेस्ट लावायची, रबरी वाटी असलेली काठी त्यावर चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत ती काठी रवीसारखी फिरवायची. येथे सौ. पुढे झाली. "हे ताक घुसळणे तुम्हा कुणाला जमायचे नाही," म्हणत तिने आठांपैकी पाच व्हॉल्व्ह घासले. मग हेड उलटे ठेवून प्रत्येक खळग्यात पेट्रोल ओतले आणि घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांत एक थेंबही खाली झिरपला नाही. मिस्त्रींनी मान हलवली. "वहिनी, दुकान चालू असते तर ठेवून घेतले असते."

जोडणी वहीप्रमाणे उलट्या क्रमाने झाली. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाही तर दाबाला पळवाट सापडते. टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आणायच्या. हेडचे बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे करून, तीन फेऱ्यांत आवळायचे, म्हणजे हेड वाकत नाही. ठिणगीची पाळी 1-3-4-2. कन्या ती पाढ्यासारखी म्हणत होती.

आषाढातल्या एका संध्याकाळी ऑइल भरले. प्लग न लावता स्टार्टर फिरवला, तो ऑइलचा तांबडा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. इंजिन दोनदा खोकले आणि चालू झाले. आम्ही तिघे हसलो असू. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एक लांब पेचकस मागितला, त्याचे टोक ब्लॉकवर तिसऱ्या सिलिंडरपाशी टेकवले आणि मूठ कानाला लावली. पेचकस धरलेला हात त्या क्षणी अगदी स्थिर होता, की इंजिनाच्या थरथरीत त्याची थरथर मिसळून गेली होती, मला सांगता येणार नाही. बराच वेळ ऐकून त्यांनी पेचकस कन्येच्या हाती दिला. "ऐक. नीट चालला की असा वाजतो. हा आवाज वहीत लिहिता येत नाही."

हिशेबी वाचकांसाठी सांगतो, की या उद्योगाला भंगारवाल्याच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक खर्च आला. पाचशे किलोमीटर जपून चालवून ऑइल बदलले, तपासणीत गाडी पास झाली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. यंदाचा गणपती याच गाडीतून घरी आला. पुढच्या गाड्या विजेच्या असतील. त्यांत पिस्टन नसेल, रिंगा नसतील, आणि ते हवेच्या दृष्टीने चांगलेच होईल. परंतु ज्या वस्तूने घराची चाळीस वर्षे ओढली, तिच्या पोटात काय आहे हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावे, असे मला आता वाटते. आणि ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांच्यापाशी खुर्ची टाकून बसायला उशीर करू नये. मिस्त्रींच्या शेजारी सध्या दर रविवारी आमची कन्या बसलेली असते. वहीची दुसरी शंभर पाने सुरू झाली आहेत.

नट एकही उरला नाही. उरले ते फराळाचे आठ डबे. ते डिझेलने, साबणाने आणि चिंचेने धुऊन मी सौ.पुढे मांडले. तिने एकेक हुंगला आणि शेडकडे बोट दाखवले. "जिथले तिथे!" यंदाचा फराळ नव्या डब्यांत आहे.