ही नाली जाते तरी कुठं?

गेल्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिला जोरदार पाऊस दुपारी तासभर कोसळला आणि आमच्या गल्लीतली नाली तुंबून पाणी थेट अंगणात शिरलं. काळं, तेलकट, वास मारणारं पाणी! तुळशीवृंदावनाच्या पायाशी एक तुटकी चप्पल, दुधाच्या पिशव्या आणि खर्रा बांधायच्या पन्न्यांचा नुसता थर. समोरच्या काकू पदर खोचून खराट्यानं पाणी लोटत होत्या. मीही खराटा घेतला. अर्ध्या तासात आम्ही दोघींनी सगळं पाणी पुढं काढून दिलं. पुढं म्हणजे कुठं? तर खालच्या अंगाला राहणाऱ्या वहिनींच्या दाराशी!

वहिनी बाहेर आल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण हसून म्हणाल्या, "लोटा, लोटा! माझ्या दारातून पुढं मी लोटते. पण हे पाणी शेवटी जाते कुठं, माहीत हाय का कोणाले?"

"नाल्यात जाते न बाई. आणखी कुठं जाईल?" काकू म्हणाल्या.

बोलणं तिथंच संपलं, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. चंद्रपुरात संसार करून पंचवीस वर्षं झाली. भाजी कुठं ताजी मिळते, चांगला शिंपी कोण, सगळं मला ठाऊक. पण घरातून रोज वीस-पंचवीस बादल्या पाणी बाहेर सोडते ते कुठं जातं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मग विचारलं, वाचलं, एका रविवारी नवऱ्याला घेऊन नाल्याच्या काठाकाठानं फिरूनही आले. ते म्हणाले, "लोक देवदर्शनाला जातात, तू नाली बघायला निघालीस!"

मैत्रिणींनो, आपलं शहर दोन नद्यांच्या कुशीत आहे. एका बाजूला इरई, दुसऱ्या बाजूला झरपट. पठाणपुऱ्याच्या पलीकडं झरपट इरईला मिळते. शहरातला उतार या दोन नद्यांकडंच असल्यामुळं नाल्याही शेवटी तिकडंच वळतात. खरं म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी नाली वेगळी आणि सांडपाण्याची गटारवाहिनी वेगळी असायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक लहान शहरांत एकच उघडी नाली दोन्ही कामं करते. पावसाचं पाणी तिच्यातून, भांडी-कपड्यांचं साबणाचं पाणी तिच्यातून आणि संडासाची टाकी भरून वाहू लागली की तेही तिच्यातूनच. गॅरेजचं ऑइल, मटणाच्या दुकानाची धुणावळ आहेच. उन्हाळाभर ही घाण नालीत आणि रस्त्यावर साचत राहते. त्यात आपला जिल्हा कोळशाचा. वाळत घातलेल्या साडीवर जी काळी पूड बसते, तीच रस्त्यावरही बसते. पहिला पाऊस आला की हे सगळं एका दमात नदीत जातं. म्हणून पहिल्या पावसाचा लोंढा सर्वांत घाण. त्या दिवशी माझ्या अंगणात आला होता तो हाच!

नाली आणि पाण्याचं नातं बघायचं असेल तर रामाळा तलावावर जा. गोंड राजांच्या काळातला हा तलाव. नाल्याचं घाण पाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिलं. साबण आणि मैल्यातली द्रव्यं म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींना खतच! त्या खतावर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, अशी माजते की पाणी दिसेनासं होतं. तिच्या चादरीखाली उजेड जात नाही, कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासा गुदमरतो. मासा गेला की मासेमारी करणाऱ्या घरातल्या बाईची बाजाराची टोपली रिकामी. फेब्रुवारी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे या तलावासाठी अन्नत्याग करून बसले. तलावातला गाळ काढा, ही मागणी तर होतीच. पण तलावात येणाऱ्या मच्छीनाल्याचं पाणी शुद्ध करूनच आत सोडा, ही दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. गाळ काढणं म्हणजे उतू गेलेलं दूध पुसणं. खालचा गॅस कोणी बंद करायचा?

आता वहिनींच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. झरपट इरईला मिळते आणि इरई वर्धा नदीला. ही भेट होते बल्लारपूरच्या वरच्या अंगाला. बल्लारपूरच्या नळाला पाणी येतं ते वर्धा नदीचंच. म्हणजे मी अंगणातून खराट्यानं लोटलेलं पाणी चार दिवसांनी कुणा बल्लारपूरकर बहिणीच्या दारात पोचतं! तिथं ते शुद्ध करतात हे खरं. पण पाणी जितकं घाण, तितका ते शुद्ध करण्याचा खर्च जास्त आणि चूक व्हायची भीतीही जास्त.

पुढं वर्धा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते. दोघी मिळून प्राणहिता होतात. नाव किती सुंदर आहे बघा, प्राणांचं हित करणारी! एप्रिल २०२२ मध्ये सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला, तेव्हा बायाबापड्यांनी श्रद्धेनं याच पाण्यात डुबकी घेतली. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्रीवरून जाऊन बंगालच्या उपसागरात रिकामी होते. आपल्याला वाटतं, आम्ही जंगलातली माणसं, समुद्राशी आमचा काय संबंध? नालीनं तो संबंध कधीचाच जोडून ठेवलाय.

समुद्रकाठच्या शहरांना ही गोष्ट लवकर कळते, कारण घाण त्यांच्या डोळ्यांसमोर किनाऱ्याला लागते. अमेरिकेत सांता मोनिका नावाचं शहर आहे. गाड्या धुतलेलं, बागांना घालून वाहिलेलं पाणी तिथल्या पावसाळी नाल्यांतून सरळ उपसागरात जायचं. २००१ च्या सुमारास त्यांनी किनाऱ्याजवळच एक केंद्र उभारलं. उन्हाळ्यात नाल्यातून येणारं दिवसाला सुमारे १९ लाख लिटर पाणी शुद्ध करून ते बागांना आणि संडासांना वापरायची सोय झाली. त्या बाजूच्या शहरांत नालीच्या तोंडाशी माशाचं चित्र काढून लिहिलेलं असतं, 'हे पाणी समुद्रात जातं'. आपल्या नालीवर 'ही नाली बल्लारपूरच्या नळाकडे जाते' असं लिहिलं तर? मला वाटतं, खर्ऱ्याची पन्नी टाकताना चारातला एक हात तरी थबकेल.

आणि सगळंच काही वाहून दूर जात नाही. तुंबलेली नाली आपल्याच दाराशी राहते. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे. आरोग्याच्या ताई त्याच्या गोळ्या खाऊ घालायला घरी येतात, ते यासाठीच. सुजलेला पाय लुगड्याच्या काठाखाली लपवत रोवणीला जाणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गोळी खायचीच, पण दारात डासांची शेती ठेवून किती दिवस नुसत्या गोळ्या खायच्या?

मग चूक कोणाची? अशा वेळी बोट पटकन बाईकडं वळतं. 'तुम्ही बायका खरकटं नालीत टाकता.' टाकतो, थोडं आपलंही चुकतं. पण खरा हिशेब मोठा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्षात शुद्ध होतं फक्त २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे चार बादल्यांतल्या जवळजवळ तीन तशाच नदीत! हे काम एकट्या बाईच्या खराट्यानं होणारं नाही. त्याला शुद्धीकरण केंद्र लागतं, नळ्या लागतात, पैसा लागतो. ते काम नगरपालिका-महानगरपालिकेचंच. आपण कर भरतो तो यासाठीच.

तरीही आपल्या हातात काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडचे भाविक मोठ्या संख्येनं येतात, झरपटेत अंघोळ करतात. त्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे खोदून गावातल्या नाल्याच बंद केल्या. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. न्हाणीचं पाणी गाळून जमिनीत मुरतं. नालीच नाही, तर डास कुठून येणार? काळ्या चिकण मातीत पाणी नीट मुरत नाही आणि विहिरीजवळ, हातपंपाजवळ असा खड्डा घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं. संडासाचं पाणी तर त्यात मुळीच सोडायचं नाही. शहरात जागा नसेल तर न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात जाऊ द्या. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, न्हाणीच्या तोंडाशी जाळी बसवा. संडासाची टाकी दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या. आमची टाकी बारा वर्षं कोणी उघडली नव्हती, हे लिहिताना मला लाज वाटते.

पण घरातलं आवरून झालं की दुसरं कामही करायचं. विचारायला जायचं. आपल्या वॉर्डातली नाली कुठल्या नाल्याला मिळते? त्या नाल्याचं पाणी नदीत पडण्याआधी शुद्ध होतं का? नाल्यांची सफाई मे महिन्यात झाली का, आणि उपसलेला गाळ काठावरच ठेवला का, म्हणजे पहिल्या पावसात परत आत? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतल्या अर्ध्या जागा बायकांच्या आहेत. त्यातल्या कितीजणींनी सभेत नाल्याचा नकाशा मागितला असेल? आपल्या भागातल्या बायकांना रस्त्यावर उतरणं नवीन नाही. दारूबंदीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेलेल्या बाया इथल्याच. २०१५ ला मिळालेली बंदी २०२१ मध्ये उठली, ती गोष्ट वेगळी. पण सरकारला जाब विचारता येतो हे त्या शिकवून गेल्या.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी, काकू, वहिनी आणि मी, अर्ज घेऊन वॉर्डाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "नाली साफ करून पाहिजे ना? माणूस पाठवतो."

वहिनी म्हणाल्या, "साफ तं करूनच द्या साहेब. पण आधी सांगा, ही नाली जाते कुठं?"

साहेबांनी शिपायाकडं पाहिलं, शिपायानं साहेबांकडं. उत्तर अजून यायचं आहे. आम्ही पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत. तुमच्या गावच्या कार्यालयात तुम्हीही एकदा विचारून बघा.