जवारी कोण शिकवणार?

विद्यापीठात संगीत-तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम काढावयाचे ठरले, तेव्हा समितीच्या पहिल्याच बैठकीत मला विचारण्यात आले, “संगणक किती लागतील?” कान किती लागतील, हे कोणी विचारले नाही. सोऱ्या नवा आणल्याने भाजणी सुधारत नाही, हे तुमच्या घरातले पोरही सांगेल. पण असो. संगणक आले.

आता त्या यंत्राची गंमत ऐका. सप्तकाचे १२०० सेंट; यंत्र त्याचे बारा सारखे भाग पाडते. म्हणून त्याचा शुद्ध गंधार ४०० वर उभा. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो मात्र सुमारे ३८६ वर. “चौदा सेंटांनी काय होते हो?” एक सभासद म्हणाले. अहो, विरजणाला ताक तरी किती लागते?

पेटीवर हाच आक्षेप होता. त्यापायी १९४० साली नभोवाणीने तिला बाहेर काढले आणि १९७१ साली दार थोडे किलकिले केले. संगणक बिचारा पेटीसारखा हट्टी नाही. सांगाल तर गंधार खाली आणील! पण सांगणार कोण? ज्याने तो ऐकला आहे, तोच ना? यंत्राच्या नावाने नाक मुरडणाऱ्या आमच्या गवयांनाही माझे हेच सांगणे आहे.

म्हणून पहिले सहा महिने तंबोरा, आणि शिकवायला मिरजेचे एक कारागीर, असे मी सुचवले. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी उघडणे हे तंत्रज्ञान नव्हे तर काय? एरवी जे उपस्वर तारेतून उमटू नयेत तेही या घोडीमुळे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. समितीने विचारले, “त्यांची पदवी कोणती?” आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अनुभवी जाणकारांना पदवीची अट सैल केली आहे, हे मी वाचून दाखवले. तो नियम कंपन्यांतल्या साहेबांसाठी आहे, असे उत्तर मिळाले!

गेल्या शनिवारी ते कारागीर पदरचे भाडे खर्चून आले. एका मुलीने डोळे मिटून सूत सरकवले आणि एकदम थांबली. “इथंच,” म्हणाली. कारागीर नुसते हसले. पुढच्या बैठकीत हा विषय मी पुन्हा मांडणार आहे. मानधनाचा आकडा घालून.