काटकसर यंत्राची आणि माणसाची

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या हायब्रीड मोटारी २०२२ साली भारतीय बाजारात आल्या. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांच्या जोडीवर चालणारी ही उंच, ऐसपैस वाहने एका लिटरात २७.९७ किलोमीटर जातात, असे चाचणीचे प्रमाणपत्र सांगते. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने या आकड्याची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. रस्त्यावरचे 'ॲव्हरेज' चालकाच्या पायावर ठरते.

साध्या मोटारीत ब्रेक दाबला की गतीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हायब्रीडमध्ये विजेची मोटर त्या वेळी जनित्र बनते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठवते. मात्र त्यासाठी पुढचा सिग्नल दुरून हेरून पाय आधीच उचलावा लागतो, ब्रेक हळुवार दाबावा लागतो. अखेरच्या क्षणी करकचून ब्रेक लावणाऱ्याची बरीचशी ऊर्जा घर्षणातच संपते. अडखळत चालणाऱ्या शहरी रहदारीत हे यंत्र आपले कसब दाखवते, ते यामुळेच. द्रुतगती मार्गावर ब्रेक क्वचितच लागतो, म्हणून परत मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरचा वेग ११० वर नेला की तो जवळजवळ दुप्पट होतो. एसयूव्हीची उंच, रुंद बांधणी त्यात भरच घालते.

तेव्हा चालकाला शहाणे करावे, हा उपदेश सोपा आहे. पण चालक कोण? अनेक घरांत तो पगारी नोकर असतो. उशिरा निघून "जरा दामटा" म्हणणारे साहेबच महिनाअखेरीस त्याच्याकडे पेट्रोलचा हिशेब मागतात. घाई मालकाची आणि ठपका नोकरावर, हा न्याय नव्हे. वाहन चालवण्याच्या सवयीमागे समाजाची शिस्तही उभी असावी लागते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर खुद्द अमेरिकेने १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली होती. मोटारीवर जीव टाकणाऱ्या त्या देशालाही तेव्हा सार्वजनिक नियमाचा आधार घ्यावा लागला.

आपल्याकडे मात्र शासनाचे औदार्य यंत्राच्या खरेदीपाशी अडते. उत्तर प्रदेश सरकारने २०२४ साली हायब्रीड मोटारींचा नोंदणी कर माफ केला. बाराशे किलोंहून जड अशा मोटारीतून एकटा मनुष्य कचेरीत जातो, तेव्हा प्रमाणपत्रातला आकडा खरा धरला तरी एका लिटरात एक माणूस २८ किलोमीटर जातो. लिटरला अवघे तीन किलोमीटर देणारी डिझेल बस चाळीस प्रवासी नेते, तेव्हा त्याच लिटरात १२० प्रवासी-किलोमीटरचे काम होते. करमाफीचा अधिक हक्क कोणाचा, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हायब्रीड यंत्राशी आमचे वैर नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी ते सावकाश, समजून चालवावे आणि रिकाम्या आसनांवर शेजाऱ्यांना बसवावे. पण बसथांब्यावर तासभर ताटकळणाऱ्या कामगाराला ही काटकसर पुरणार नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात बससाठी किती तरतूद आहे, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रभागात विचारला पाहिजे.